आखाजी आली की सिगार तडकतात: खानदेशातल्या उन्हाळ्याचा नेहमीचा बिघाड आणि त्यावरचा इलाज

दर वर्षी तेच. होळी उलटते, जळगावात पारा चाळिशीपार जातो आणि आमच्या सिगार ओढणाऱ्या पाच जणांच्या बैठकीतल्या कोणाचा ना कोणाचा फोन येतो, "भाऊ, आत्ता कापायला घेतली आणि वरचं पान उभं फाटलं." आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, पाचही जणांची तीच रड सुरू असते. हा बिघाड शोधून काढायला मला चार उन्हाळे लागले. तेवढ्यात किती सिगार वाया गेल्या ते मोजलं नाही, पण हजार-दीड हजाराची एकेक सिगार हातात चुरताना जीव तुटतो. नाशिक-पुण्याच्या हवेत चालणारे सल्ले आपल्याकडे अर्धेच लागू पडतात, म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मंडळींसाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी सिगारची रचना डोळ्यांसमोर आणा. आत भरण असतं, म्हणजे लांब घडी घातलेली पानं. त्याभोवती बांधणीचं पान. आणि सगळ्यात वर एकच पातळ, तलम, तेलकट पान, रॅपर. हवेतला ओलावा हे पातळ पान लगेच घेतं आणि लगेच सोडतं. आतल्या भरणाला त्याच कामाला दिवस लागतात. वरचं पान आकसतं, आतलं भरण फुगलेलंच राहतं, आणि ताण बसून पान तडकतं. बिघाड कुठलाही असो, मुळाशी हीच गोष्ट असते. फक्त ती कुठे आणि कधी घडली ते शोधायचं.

म्हणून मला कोणी फोन केला की मी पहिला प्रश्न विचारतो: तडा केव्हा दिसला? पेटीतच, कापताना, की पेटवल्यावर?

पेटीतच तडा दिसला तर

सगळ्यात आधी हायग्रोमीटरवर, म्हणजे पेटीतली आर्द्रता दाखवणाऱ्या मीटरवर, संशय घ्या. माझ्या ह्युमिडॉरच्या, म्हणजे ओलावा राखणाऱ्या सिगारपेटीच्या, झाकणात पितळी कड्याचा, काट्याचा गोल हायग्रोमीटर होता. दिसायला राजस. चार वर्षं तो मला सत्तर टक्के आर्द्रता दाखवत होता आणि मी निर्धास्त होतो. शेवटी रावेरच्या आमच्या केळीवाल्या नानांनी तो हातात घेऊन विचारलं, "याले कधी तपासं का?" त्यांच्या केळी पिकवायच्या खोलीत नव्वद टक्क्यांवर आर्द्रता ठेवावी लागते, त्यामुळे मीटर तपासल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. मला मात्र चार वर्षांत ते सुचलं नव्हतं.

तपासणी घरच्या मिठाने होते. बाटलीच्या टोपणात मीठ घ्या, त्यावर थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. वर पाणी तरंगता कामा नये. ते टोपण आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा, चोवीस तास ठेवलं तर आणखी चांगलं. पिशवीतली आर्द्रता 75 टक्क्यांवर येऊन थांबते. ओल्या मिठाचा तो गुणच आहे. सकाळी माझा काटा 84 वर होता. म्हणजे मीटर नऊने जास्त बोलत होता. मी ज्याला सत्तर समजत होतो ते एकसष्ट होतं, आणि मे महिन्यात काटा बासष्टवर आला तेव्हा खरी आर्द्रता त्रेपन्नच्या आसपास होती. पानं का तडकत होती त्याचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं. काट्याचा मीटर आता शोभेला ठेवलाय, कामाला साधा डिजिटल आहे, आणि तोही दर पाडव्याला मिठात बसतो.

दुसरा संशय झाकणावर. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च लावून पेटीत ठेवा आणि झाकण बंद करा. फटीतून उजेड दिसला की तिथून ओलावाही जातो. किंवा झाकणात नोट धरून बंद करा आणि ओढा. अलगद निघून आली तर झाकण बसत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी बाहेरची आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली उतरते. त्या हवेपुढे जराशी फटसुद्धा पुरे होते. माझ्या लाकडी पेटीच्या मागच्या बिजागऱ्यांपाशी उजेडाची एक बारीक रेघ दिसली होती, दोऱ्याएवढी.

तिसरी गोष्ट म्हणजे कूलर. ही चूक आपल्या प्रत्येक घरात होते. मी पेटी झोपायच्या खोलीत ठेवली होती, का तर खोली थंड असते. रात्रभर कूलर चालला की खोलीतली हवा दमट व्हायची. सकाळी कूलर बंद, दुपारी पुन्हा फुफाटा. म्हणजे चोवीस तासांत पेटीबाहेरची आर्द्रता वीस ते सत्तर अशी झोके घेत होती. फट असलेल्या पेटीत रॅपर रोज फुगत होतं आणि रोज आकसत होतं. आमच्या जिनिंगवाल्या दादाने हे ऐकताक्षणी मान डोलावली. त्याच्या धंद्यात कापूस कोरडा पडला की तंतू तुटतो आणि ओला राहिला की सरकी नीट सुटत नाही. त्याच्या मते ओलावा थोडा कमी असला तरी एकवेळ चालतं, पण तो स्थिर पाहिजे. सिगारच्या बाबतीत मला हे शंभर टक्के पटलंय.

उपाय म्हणून मी लाकडी ह्युमिडॉर उन्हाळ्यापुरता बाजूला केला. रबरी कडेचा, चारी बाजूंनी खटके असलेला, हवाबंद प्लॅस्टिकचा डबा घेतला. धान्याचे असतात तसाच, पण कोरा, कशाचाही वास नसलेला. आत जुन्या सिगारपेटीतल्या सुवासिक लाकडाच्या फळ्या टाकल्या. बाजारात याला स्पॅनिश सीडर म्हणतात, पण हा देवदार नव्हे, झाड आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं आहे. ओलावा राखायला दोन्ही बाजूंनी काम करणारी पाकिटं घातली. आम्ही बोवेडा वापरतो. हवा कोरडी पडली की ती पाणी सोडतात, दमट झाली की ओढून घेतात. साठ ग्रॅमचं एक पाकीट पंचवीस सिगारच्या जागेला पुरतं. बोटाने दाबल्यावर कडक लागलं की बदलायचं. पाकिटावर ते किती टक्के आर्द्रता राखतं तो आकडा असतो; वेगवेगळ्या आकड्यांची पाकिटं एका डब्यात घालू नका, ती एकमेकांशीच भांडत बसतात.

स्पंज किंवा फोम वापरत असाल तर नळाचं पाणी बिलकुल नको. आपल्या बोअरचं पाणी किती जड आहे ते घरातल्या गिझरला विचारा. तोच क्षार फोमच्या छिद्रांत बसतो आणि महिन्या-दोन महिन्यांत फोम मरतो. डिस्टिल्ड पाणीच घाला.

पेटवल्यावर तडा गेला तर

हा खरा खानदेशी बिघाड, आणि यानेच मला सगळ्यात जास्त छळलं.

डबा नीट झाला. मीटर खरं बोलायला लागला. आत बरोबर सत्तर टक्के. मी खुशीत एक सिगार काढली आणि संध्याकाळी साडेपाचला गच्चीवर बसलो. ऊन उतरलं होतं, पण पश्चिमेचा गरम वारा होताच. पेटवली, पहिली दहा मिनिटं सुरेख गेली. मग कानाजवळ काच तडकावी तसा बारीक आवाज आला. जळत्या टोकापासून बोटभर खाली केसाएवढी रेघ उमटली होती. बघता बघता ती बँडपर्यंत, म्हणजे सिगारभोवतीच्या कागदी पट्टीपर्यंत, आली, पान दोन्ही बाजूंनी उलगडलं आणि आतलं बांधणीचं पान उघडं पडलं. धूर बाजूने निसटू लागला, जळण वाकडं झालं. डब्यात काहीही चूक नव्हती, तरी सिगार गेली.

दोन-तीन संध्याकाळी हेच झाल्यावर कारण लक्षात आलं. सत्तर टक्के ओलाव्यातून सिगार थेट पंधरा-वीस टक्क्यांच्या हवेत आली होती. रॅपर काही मिनिटांत सुकून आकसलं. आतलं भरण ओलं होतं, त्यात विस्तवाने त्याची वाफ होऊन ते फुगलं. बाहेरून आवळलेलं, आतून फुगणारं. तडकणारच.

पुस्तकी आकडा 65 ते 70 टक्के सांगतो. उन्हाळ्यासाठी मी तो आकडा सोडून दिला. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत आमचे सगळे डबे 62 ते 65 वर असतात. भरण थोडं कोरडं असलं की ते कमी फुगतं, रॅपरवर ताण कमी येतो, शिवाय जळणही सरळ राहतं. या एका बदलाने निम्म्याहून जास्त तक्रारी मिटल्या.

बाकीची काळजी बसण्याच्या वेळेची. उन्हाळ्यात गच्चीवर रात्री नऊच्या आधी पेटवू नका. तोवर वारा पडतो, गच्ची शिंपलेली असली तर हवेत थोडा ओलावाही येतो. कूलरच्या किंवा पंख्याच्या झोतात बसू नका, झोताने एक बाजू भराभर जळते. लांब सिगार पावसाळ्या-हिवाळ्यासाठी राखून ठेवा, उन्हाळ्यात अर्ध्या-पाऊण तासात संपणाऱ्या आखूड घ्या. आणि पान बघून निवडा. कॅमेरूनचं पान चवीला गोड पण फार नाजूक. कनेक्टिकटचं सावलीत वाढवलेलं पानही पातळच. त्याच कनेक्टिकटचं ब्रॉडलीफ मात्र जाड, तेलकट आणि दणकट असतं, ते आपला मे महिना झेलतं. माझं मत विचाराल तर एप्रिल-मेमध्ये कॅमेरूनला हातच लावू नये.

ओढण्याची घाईही नको. मिनिटाला एक झुरका पुरे. भराभर ओढलं की विस्तव तापतो, वाफ वाढते आणि पुन्हा तोच तडा.

कापतानाच फाटली तर कटरची धार गेलीय किंवा तुम्ही खोल कापताय. तोंडाकडच्या बंद टोकावर पानाचा तुकडा चिकटवलेला असतो, ती टोपी; ती जिथे संपते त्याखाली कापलं की पान सुटतं. कापण्याआधी टोपी ओठांत धरून अर्धा मिनिट ओली करा. एवढंच.

उष्णतेचं काय करायचं

ओलावा जमला तरी तापमान उरतंच. जगभरची पुस्तकं 18 ते 21 अंश सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात बंद घरात सदतीस-अडतीस असतं. गरम हवेत पाणी जास्त मावतं: 20 अंशाला एका घनमीटर हवेत सतरा ग्रॅमच्या आसपास, 40 अंशाला पन्नासच्या वर. त्यामुळे दिवसरात्रीच्या तापमानात मोठा फरक पडला की डब्यातला ओलावा सारखा इकडून तिकडे फिरतो, आणि पहाटे झाकणाला आतून थेंब धरतात. चोवीस तास एसी चालवणं आमच्यापैकी कोणालाच परवडत नाही. विजेवरचा लहान थंड डबा भुसावळच्या काकांनी आणून पाहिला. तो खोलीपेक्षा पंधरा-वीस अंश खाली नेतो, पण लाइट गेली की तासाभरात पुन्हा तापतो.

शेवटी उपाय निघाला तो आजीच्या रांजणातून. मोठा रांजण, त्यात लहान माठ, दोघांच्या मध्ये वाळू. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचं. हवाबंद डबा लहान माठात ठेवायचा, तोंडावर ओलं गोणपाट. रांजण उत्तरेच्या ओट्यावर, जिथे सावली आहे आणि वारा खेळतो. गेल्या मे महिन्यात बाहेर त्रेचाळीस असताना माठात सत्तावीस-अठ्ठावीस असायचं. हवा जितकी कोरडी तितकं पाणी जास्त उडतं आणि माठ जास्त गार होतो, म्हणून हे कोकणात चालणार नाही, आपल्याकडे मात्र नेमकं चालतं. अट एकच: डबा पाणी न शिरणारा पाहिजे. थोडी जरी ओल आत गेली तरी बुरशी ठरलेली. मृग लागून हवा दमट झाली की रांजणाचा उपयोग संपतो, डबा घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात न्यायचा.

भोकं दिसली तर

रॅपरवर टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक आणि खाली पीठ सांडलेलं दिसलं तर तो तडा नाही, भुंगेरा आहे. दोन-तीन मिलिमीटरचा, तांबूस, डोकं खाली वाकवून चालणारा. अंडी अनेकदा पानाबरोबर कारखान्यातूनच आलेली असतात आणि गारव्यात गप्प राहतात. तिशीच्या तापमानात त्यांना रान मोकळं मिळतं, महिना-दीड महिन्यात अंड्याचा भुंगेरा होतो.

माझ्याकडे तो आला कुठून हे कळलं तेव्हा मी चकित झालो. पेटी काही दिवस स्वयंपाकघराच्या माळ्यावर होती. शेजारी वर्षभराच्या मसाल्याचे धने आणि हळद. धने निवडताना बायकोने मूठभर धने परातीत पसरून दाखवले. त्यातही तशीच गोल भोकं आणि तोच तांबूस किडा. तंबाखूत पडणारा आणि धने, हळद, मिरचीत पडणारा हा किडा एकच आहे. तेव्हापासून मसाला आणि सिगार एका कपाटात नाहीत, आणि यात तिच्या मसाल्याचंही भलं झालं.

इलाज थंडीचा. सिगार दुहेरी झिपच्या पिशवीत बंद करा. एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, मग सात दिवस फ्रीजरमध्ये, पुन्हा एक दिवस खाली, आणि नंतर पिशवी न उघडता अर्धा दिवस खोलीत. ही उतरंड चुकवू नका, गोठलेली सिगार एकदम गरम हवेत आली की पान फुटतं. पुस्तकात तीन दिवस पुरेत असं असतं, पण घरचा फ्रीजर दिवसातून वीस वेळा उघडतो आणि मधे वीजही जाते, म्हणून आम्ही सात धरतो. बाहेरून आलेली प्रत्येक नवी सिगार आमच्याकडे आधी ही फेरी करूनच डब्यात जाते, कोणीही दिलेली असो.

पावसाळ्यात पांढरं दिसलं तर

श्रावणात पानावर पांढरी भुकटी दिसली की कोणीतरी हमखास सांगतं, हे जुन्या सिगारचं तेल वर आलंय, चांगलं लक्षण आहे. मी ते मानत नाही. लव दिसत असेल, ठिपक्याठिपक्यांनी असेल, हिरवट झाक असेल तर ती बुरशी. जळणाऱ्या टोकाकडून आत शिरलेली असेल तर सिगार फेका, लोभ करू नका. डबा रिकामा करून पुसा, कोरडा करा आणि 62 चं पाकीट घाला.

तडकलेली, सुकलेली वाचवता येते का

बारीक तडा असेल तर येते. खायचा डिंक पाण्यात विरघळवून बोटाने एक थेंब लावा, सुटलेलं पान हलकेच दाबा, पाच मिनिटं थांबा. सिगार वळणारे कारागीरही टोपी चिकटवायला वनस्पतीचा डिंकच वापरतात. पूर्ण सुकलेली सिगार असेल तर तिला घाईने ओलं करू नका. ओला कापूस शेजारी ठेवणं, वाफ दाखवणं, हे सगळे प्रकार मी करून बसलोय आणि प्रत्येक वेळी पान फाटलंय. आधी तीन-चार आठवडे 62 च्या डब्यात, मग 65 च्या. पान सावरतं, चव मात्र पूर्वीची येत नाही, कारण पानातलं तेल एकदा उडालं की परतत नाही.

बैठकीबद्दल दोन शब्द

आम्ही महिन्यातून एकदा जमतो, बहुतेक वेळा नानांच्या खळ्यावर. कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा झाला की मगच डबे उघडतात. प्रत्येकाने एक सिगार दुसऱ्यासाठी आणायची आणि ती कशी सांभाळली ते सांगायचं, हा आमचा रिवाज. गेल्या खेपेला धुळ्याच्या अण्णांनी तिरुचिरापल्लीचे चिरूट आणले होते. चिरूट हा शब्दच मुळी तमिळ सुरुट्टूवरून आलाय, गुंडाळलेलं या अर्थाचा. दोन्ही टोकं उघडी, टोपी नाही, वळण जाडंभरडं. सिगारइतके लाड त्याला लागत नाहीत. आमच्या सगळ्या नाजूक सिगार तडकत होत्या त्या गरम संध्याकाळी चिरूट शांतपणे शेवटपर्यंत जळला. उन्हाळी बैठकीला तो नक्की ठेवा.

सार्वजनिक जागी धूम्रपानाला 2 ऑक्टोबर 2008 पासून देशभर बंदी आहे, म्हणून हॉटेल, बाग, स्टेशन काही नाही, फक्त स्वतःची मोकळी जागा. पोरंसोरं आसपास नकोत. आणि जो ओढत नाही त्याला आम्ही आग्रह करत नाही, हे मी ठामपणे लिहितोय. धूर छातीत घेतला नाही तरी निकोटीन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जातं आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका सिगारलाही आहे. आपल्या भागात तंबाखूने किती घरं पोळली ते आपण पाहिलंय. महिन्याला एक, यापुढे आमच्यातला कोणी जात नाही.

बैठकीला नेतानाचीही एक काळजी. अण्णा धुळ्याहून एस.टी.ने येतात, वाटभर खिडकीतून झळा. पहिल्यांदा त्यांनी सिगार शर्टाच्या खिशात आणल्या आणि पाचपैकी तीन वाटेतच फुटल्या. आता ते लहान हवाबंद डबीत आठ ग्रॅमचं पाकीट घालून, डबी ओल्या पंचात गुंडाळून, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत खाली ठेवतात. गाडीने येणाऱ्यांनी डॅशबोर्डवर किंवा डिकीत ठेवू नये, सीटखाली ठेवावं. पोचल्यावर डबी लगेच उघडायची नाही. जेवण होईपर्यंत ती माठाजवळ सावलीत राहू द्यायची, मगच सिगार बाहेर काढायची.